ओळखींचा पसारा व यादीची शिस्त

घरांत लग्नकार्य निघालें म्हणजे पहिलें काम यादीचें. दिवाणखान्यांत सतरंजी अंथरली जाते, मागल्या कार्याची वही कपाटांतून बाहेर निघते, आणि वडील मंडळी एकेक नांव सांगूं लागतात. ज्यांच्या घरीं अक्षत घेऊन स्वतः गेलें पाहिजे ते कोण, ज्यांना टपालानें पत्रिका पाठविली तरी पुरेल ते कोण, कचेरींतील मंडळींना जेवणास बोलवावयाचें कीं केवळ स्वागतसमारंभास, याचा निर्णय नांवागणिक केला जातो. कोणाचा अपमान करावा हा या यादीचा हेतु नसतो. सर्वांशीं संबंध सारखा नसतो, आणि वेळ, जागा व पैसा हीं तिन्ही मर्यादित असतात, एवढें साधें सत्य तिच्या मुळाशीं असतें.

आश्चर्य असें कीं, तेंच कुटुंब हातांत मोबाईल घेतें तेव्हां ही पिढीजात विद्या साफ विसरतें. फेसबुक, इन्स्टाग्राम, एक्स किंवा व्हॉट्सॲप यांवर सख्खा भाऊ, शाळेंतील वर्गमित्र, एकदांच प्रवासांत भेटलेला गृहस्थ, साड्यांचें दुकान, वृत्तपत्र आणि राजकीय पुढारी हे सर्व एकाच पंगतीस बसलेले असतात. कोणाच्या पानावर आधीं वाढावयाचें हें यजमान ठरवीत नाहीं. तें परभारें ठरतें. यजमानाच्या हातीं तो अधिकार परत यावा यासाठीं या माध्यमांनीं जें साधन दिलें आहे त्याचें नांव यादी. तें साधन कसें चालतें, आणि इतकें उपयोगी असूनहि तें बहुतेकांच्या हातून कां निसटतें, हें समजून घेण्यासारखें आहे.

प्रथम पंगतींतील वाढप कोण करतो तें पाहूं गेल्यास असें दिसतें: समाजमाध्यम उघडतांच पडद्यावर जो मजकूर एकामागून एक सरकत येतो त्याला फीड असें नांव रूढ झालें आहे. प्रारंभीं फेसबुकवर तें नव्हतें. कोणाची खबरबात घ्यावयाची तर त्याच्या पानावर मुद्दाम जावें लागे. एखाद्याच्या बिऱ्हाडीं जाऊन कडी वाजवावी त्यांतलाच तो प्रकार. २००६ सालच्या सप्टेंबरांत फेसबुकनें सर्व परिचितांच्या हालचाली एकत्र करून दाखविण्यास आरंभ केला. त्या वेळीं अनेक सभासदांनीं या नव्या रीतीचा निषेध केला. परंतु सोय मोठी होती, म्हणून ती टिकली. पुढें एकेकाच्या परिचितांची संख्या शेंकड्यांनीं वाढली. सर्वांचें सर्व कांहीं दाखविणें अशक्य झालें, निवड करणें भाग पडलें, आणि ती निवड यंत्राकडे गेली.

हें यंत्र म्हणजे क्रम लावणारें एक गणित होय. त्यालाच हल्लीं अल्गोरिदम म्हणतात. २०१० सालीं फेसबुकनें आपल्या तत्कालीन गणिताचीं तीन मुख्य अंगें सांगितलीं होतीं. वाचणारा व लिहिणारा यांच्यांत आजवर किती देवघेव झाली, मजकूर कोणत्या प्रकारचा आहे, आणि तो किती जुना आहे, हीं तीं अंगें. आजचीं गणितें याहून पुष्कळ गुंतागुंतीचीं आहेत, तरी त्यांची दिशा तीच आहे. हा मनुष्य कोणत्या मजकुरावर थांबेल, कोणत्या चित्रावर पसंतीची खूण करील, कोणास उत्तर लिहील, याचा अंदाज बांधावयाचा व त्या अंदाजाप्रमाणें क्रम लावावयाचा. ट्विटर व इन्स्टाग्राम यांवर पूर्वीं ताजा मजकूर वर व जुना खालीं असा सरळ काळानुक्रम असे. २०१६ सालीं त्या दोघांनींहि अंदाजाची पद्धत स्वीकारली. या कंपन्यांचें उत्पन्न मुख्यतः जाहिरातींवर अवलंबून असल्यामुळें वाचक अधिक काळ थांबावा हें त्यांच्या हिताचें असतें, हेंहि येथें ध्यानांत ठेवावें.

या पद्धतींत एक दोष आहे, आणि तो दुष्टपणाचा नसून दृष्टीचा आहे. पुण्यांतील एका कुटुंबाची कल्पना करावी. तेथील तरुण मुलाचे काका सांगलीस राहतात. ते निवृत्त शिक्षक आहेत आणि दोन-तीन महिन्यांतून एकदां फेसबुकवर चार ओळी लिहितात. पुतण्या त्या वाचतो, सुखावतो, परंतु पसंतीची खूण करीत नाहीं कीं उत्तर लिहीत नाहीं. घरच्या माणसाला कसली आली आहे खूण! उलट, मिठाया करण्याच्या चित्रफितींवर तो रोज रात्रीं दहा मिनिटें रेंगाळतो. यंत्राला माया दिसत नाहीं, बोटाची हालचाल दिसते. तें आपल्या परीनें प्रामाणिकपणें असा निष्कर्ष काढतें कीं, या वाचकाला काकांपेक्षां मिठाई अधिक प्रिय आहे. काका हळूहळू खालीं खालीं जातात. खालीं गेले म्हणून दिसत नाहींत, आणि दिसत नाहींत म्हणून आणखी खालीं जातात. एके दिवशीं काका लिहितात कीं, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली, आतां पुन्हां बारीक टाइप वाचतां येऊं लागला आहे. पुतण्याला ही बातमी तीन आठवड्यांनीं दुसऱ्याच कोणाच्या तोंडून कळते. तो गडबडीनें फोन करतो तेव्हां काका एवढेंच म्हणतात, “अरे, मी लिहिलें होतें कीं.”

मितभाषी मनुष्य मागें पडावा हा फीडचा स्वभावच आहे. जो रोज दहा वेळां बोलतो त्याला तेथें दहा संधी मिळतात; जो दोन महिन्यांतून एकदां बोलतो त्याला एकच. या अन्यायावर यादी हा उपाय आहे. यादी म्हणजे परिचितांपैकीं कांहीं निवडक नांवांचा गट. ती उघडली असतां केवळ त्या गटांतील माणसांचेंच लेखन दिसतें; बाकीचा कोलाहल दाराबाहेर राहतो. पंधरा जणांच्या यादींत काकांच्या चार ओळी हरवूं म्हटलें तरी हरवणार नाहींत.

या याद्यांचे दोन अगदीं भिन्न प्रकार आहेत, आणि त्यांची गल्लत झाल्यामुळें पुष्कळांचा गोंधळ उडतो. पहिली ऐकण्याची यादी: कोणाचें लेखन मला दिसावें, हा तिचा प्रश्न. दुसरी सांगण्याची यादी: माझें लेखन कोणास दिसावें, हा तिचा प्रश्न. लग्नाच्या वहींत हे दोन्ही विचार एकत्र चालतात. मोबाईलवर ते पृथक् ठेवावे लागतात.

ऐकण्याच्या यादीचें ठळक उदाहरण एक्सवर सांपडतें. ट्विटर या पूर्वीच्या नांवानें तें ओळखलें जात असतां, २००९ सालच्या ऑक्टोबरांत तेथें याद्या सुरू झाल्या. आरंभीं एका खात्यास वीस याद्या व एका यादींत पांचशें नांवें अशी मर्यादा होती. २०१३ सालीं ती एक हजार याद्या व प्रत्येकींत पांच हजार नांवें इतकी वाढविण्यांत आली. तेथें एखाद्याचा अनुयायी न होतांहि त्याचें नांव यादींत घालतां येतें. मॅस्टोडॉन या माध्यमावरहि याद्या आहेत. शिवाय यादींतील माणसांचें लेखन मुख्य फीडमधून वगळून केवळ यादींतच दिसावें, अशीहि तेथें सोय आहे. बहुभाषी लेखकांना मुख्य फीडबाहेर ठेवून त्यांचें लेखन सवडीनें वाचावयाचें असेल तर ही सोय फार उपयोगी. इन्स्टाग्रामनें २०२२ सालच्या मार्चांत आवडत्या खात्यांची एक यादी करण्याची मुभा दिली. तींत पन्नासपर्यंत नांवें घालतां येतात व त्यांचें लेखन काळानुक्रमें दिसतें. व्हॉट्सॲपवर २०२४ सालीं याद्या आल्या. घर, कचेरी, सोसायटी, मुलांची शाळा अशा नांवांखालीं संभाषणें व समूह एकत्र ठेवले म्हणजे, शाळेची सूचना सकाळच्या शुभेच्छाचित्रांच्या ढिगांत शोधीत बसावें लागत नाहीं.

सांगण्याच्या यादीचा नमुना म्हणजे इन्स्टाग्रामवरील जवळच्या मित्रांची यादी. ती २०१८ सालीं आली. चोवीस तासांनीं दिसेनाशीं होणारीं चित्रें केवळ निवडक मंडळींना दाखवावयाचीं असल्यास तिचा उपयोग होतो. व्हॉट्सॲपवरील प्रसारणयादी याच जातीची. तींत २५६ पर्यंत नांवें घालतां येतात. एकच मजकूर प्रत्येकास स्वतंत्र पोहोंचतो व प्रत्येकाचें उत्तर केवळ पाठविणाऱ्याकडे येतें. समूहांत होते तशी सार्वजनिक ये-जा तेथें होत नाहीं. मात्र ज्याने पाठविणाऱ्याचा क्रमांक आपल्या मोबाईलमध्यें नोंदवून ठेवला असेल त्यालाच हा मजकूर मिळतो. मुंजीचें निमंत्रण या मार्गानें धाडून निश्चिंत बसणाऱ्या यजमानानें ही गोष्ट विसरूं नये. ज्याच्याकडे क्रमांकाची नोंद नाहीं तो पाहुणा बोलावणें आलेंच नाहीं असें म्हणेल, आणि तें खरेंहि असेल.

येथवर वाचून कोणीहि असा प्रश्न करील कीं, साधन इतकें सोयीचें आहे तर सर्वांनीं तें उचललें कां नाहीं? याचा इतिहास बोधप्रद आहे. फेसबुकनें मित्रांच्या याद्या २००७ सालींच दिल्या होत्या. २०१० सालीं तिचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनीं जाहीरपणें सांगितलें कीं, बहुतेकांना याद्या करणें आवडत नाहीं आणि फार तर शेंकडा पांच लोकांनीं त्या केल्या आहेत. पुढच्याच वर्षीं, २०११ च्या जूनमध्यें, गूगलनें गूगल प्लस हें माध्यम काढलें. तेथें वर्तुळें हाच पाया होता; कोणालाहि जोडतांना तो कोणत्या वर्तुळांतला हें आधीं ठरवावें लागे. कल्पना सुबक होती, पण माध्यम रुजलें नाहीं. २०१९ सालच्या एप्रिलमध्यें तें सामान्य लोकांसाठीं बंद झालें, आणि लोकांनीं परिश्रमानें रेखलेलीं वर्तुळें त्याबरोबरच गेलीं. फेसबुकनेंहि २०१८ सालच्या ऑगस्टमध्यें मोबाईलवर एका यादीपुरतेंच फीड पाहण्याची सोय काढून घेतली. आपला मजकूर कोणास दाखवावा यासाठीं मात्र याद्या शिल्लक ठेविल्या. म्हणजे तेथें ऐकण्याची यादी गेली व सांगण्याची राहिली. पुढें आवडत्या तीस खात्यांना अग्रक्रम देण्याची एक मर्यादित सोय तेथें आली, तीच आतां काकांच्या पुतण्याच्या कामाची आहे.

या इतिहासांतून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही कीं, आपल्या पांचशें परिचितांचें वर्गीकरण करावयास बसणारा मनुष्य पन्नासाव्या नांवाशीं थकतो. वर्गमित्रच पुढें कचेरींतील सहकारी झाला तर त्यास कोठें घालावें? नात्यांतील पण दूरच्या मनुष्याचें काय करावें? असे प्रश्न नांवागणिक उभे राहतात व काम अर्धवट सुटतें. दुसरी ही कीं, यादी कंपनीच्या जागेंत असते. जागा तिची, नियम तिचे. म्हणून जिवलगांचे फोन क्रमांक व पत्ते एका साध्या वहींत असावेत, हा जुना उपदेश अद्याप शिळा झालेला नाहीं.

थकवा टाळण्याचा मार्ग सोपा आहे. सर्वांची यादी करूंच नये. प्रथम मोबाईल बाजूस ठेवून कागद घ्यावा आणि, ज्यांची बातमी चुकली तर मनाला चुटपुट लागेल अशींच नांवें स्मरणानें लिहावीं. मोबाईल पाहून लिहूं लागल्यास पुन्हां तेंच घडतें; जो वारंवार दिसतो त्याचेंच नांव आधीं सुचतें, आणि ज्यासाठीं हा खटाटोप तो मितभाषी मनुष्य राहून जातो. अशीं नांवें बहुधा दहा-पंधराच निघतात. इंग्लंडमधील मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनीं १९९२ सालीं असें मत मांडलें कीं, मनुष्याला स्थिर व परस्परांस ओळखणारे असे सुमारें १५० संबंध सांभाळतां येतात. त्यांतहि अगदीं निकटचे पांच, त्यांच्याभोंवतीं पंधरा, मग पन्नास अशीं वलयें असतात, असें त्यांच्या पुढील संशोधनाचें सांगणें. १५० या आंकड्याच्या नेमकेपणाविषयीं २०२१ सालीं स्वीडनमधील संशोधकांनीं आक्षेप घेतला आहे. आंकडा कोणताहि असो, निकटचें वलय लहान असतें हा अनुभव लग्नाची यादी केलेल्या कोणत्याहि गृहिणीस नवा नाहीं.

ही पहिली यादी झाली कीं दुसऱ्या तीन-चार कामापुरत्या कराव्या. माणसाच्या प्रकारावरून यादीस नांव देण्यापेक्षां ती केव्हां उघडावयाची यावरून दिलेलें बरें. ‘रोज सकाळीं’, ‘रविवारीं’, ‘पाऊस’ अशीं नांवें असलीं म्हणजे कोण कोठें घालावा हा वाद आपोआप मिटतो. आणि एकच नांव दोन याद्यांत आलें तरी बिघडत नाहीं. मुंबईच्या रहिवाशाला ‘पाऊस’ ही यादी किती उपकारक होते पहा. भारतीय हवामान विभाग, मुंबई महानगरपालिका, मध्य रेल्वे, पश्चिम रेल्वे, बेस्ट आणि शहराचे वाहतूक पोलीस या सर्वांचीं खातीं एक्सवर आहेत. तीं एका यादींत घालून ठेवलीं, तर जुलईंतील एखाद्या मुसळधार सकाळीं घराबाहेर पडावें कीं नाहीं हें पांच मिनिटांत ठरवितां येतें. त्याच वेळीं मुख्य फीडवर जुन्या पुराचीं छायाचित्रें ताजीं म्हणून फिरत असलीं तरी त्यांचा उपद्रव होत नाहीं. जबाबदार संस्थांची यादी पावसाळ्यापूर्वीं करून ठेवणें हें छत्री दुरुस्त करून ठेवण्याइतकेंच शहाणपणाचें आहे.

कांहीं सावधगिरी मात्र अवश्य बाळगावी. एक्सवरील यादी खासगी किंवा सार्वजनिक ठेवतां येते. सार्वजनिक यादींत नांव घातलें कीं त्या व्यक्तीस सूचना जाते व यादीचें नांवहि तिला दिसतें. ‘कंटाळवाणे नातेवाईक’ असें विनोदानें नांव ठेवून ती यादी सार्वजनिक राहिली, तर पुढील दिवाळीस फराळाचें ताट फिरून परत येण्याचा संभव आहे. इन्स्टाग्रामवर जवळच्या मित्रांत कोणास घेतलें तर सूचना जात नाहीं. तथापि चित्राभोंवतींच्या हिरव्या कड्यावरून त्याला तें कळतें, आणि ज्याला कडें दिसत नाहीं तोहि कधींतरी दुसऱ्याच्या मोबाईलवर तें पाहतो. तसेंच, निवडक मंडळींना दाखविलेली गोष्ट त्यांच्यापुरतीच राहील अशी हमी कोणतीहि यादी देत नाहीं. पडद्याचें छायाचित्र काढून ती पुढें धाडणें एका क्षणाचें काम असतें. यादी म्हणजे उंबरठा आहे, तिजोरी नव्हे.

याहून गंभीर शंका दुसरी आहे. मनासारख्या माणसांच्याच याद्या करून मनुष्य त्यांतच रमला, तर त्याचें जग आक्रसणार नाहीं काय? ही शंका खरी आहे. परंतु यंत्राचें फीडहि जग आक्रसवूं शकतें, आणि तें वाचकाच्या नकळत. यादींतील संकोच निदान डोळ्यांसमोर असतो व म्हणून सुधारतां येतो. ज्यांच्याशीं मतभेद आहेत परंतु ज्यांच्या प्रामाणिकपणाविषयीं आदर आहे अशा पांच-सहा लेखकांची एक यादी जाणूनबुजून करावी व ती आठवड्यांतून एकदां शांतपणें वाचावी. विरोधी मत रोज उठून अंगावर आलें म्हणजे संताप होतो. नेमल्या वेळीं वाचलें म्हणजे विचार होतो.

यादी एकदां केली म्हणजे झालें असेंहि नाहीं. मुलें शाळा बदलतात, माणसें नोकरी बदलतात, कोणी परदेशीं जातो, कोणी हें जगच सोडून जातो. लग्नाची जुनी वही पुढील कार्यास जशीच्या तशी चालत नाहीं. कांहीं नांवांवर रेघ ओढावी लागते व त्या वेळीं ओढणाऱ्याचा हात क्षणभर थांबतो, कांहीं नवीं नांवें घालावीं लागतात. मोबाईलवरील याद्यांचेंहि तसेंच आहे. दिवाळीची साफसफाई व पावसाळ्यापूर्वीचे दिवस असे वर्षांतून दोन प्रसंग याद्या तपासण्यास ठरवून टाकावेत. त्या वेळीं एवढाच प्रश्न विचारावा: हें नांव येथें संवयीनें राहिलें आहे, कीं अगत्यानें?

अखेरीस, यादीचें सामर्थ्य किती व मर्यादा कोणती हें ओळखलें पाहिजे. ती मितभाषी माणसाचा आवाज कानापर्यंत आणून सोडते. त्याला ओ देणें हें ऐकणाऱ्याचें काम. पुण्याच्या त्या पुतण्यानें आतां पंधरा नांवांची यादी केली आहे व तींत पहिलें नांव सांगलीचें आहे असें समजावें. पुढल्या खेपेस काकांनीं चार ओळी लिहिल्या तर त्या त्याच दिवशीं त्याच्या दृष्टीस पडतील. मग त्यानें पसंतीची खूण करून पुढें जावें, कीं फोन उचलून “काका, आतां डोळे कसे आहेत?” असें विचारावें, हें कोणतेंहि गणित त्याच्यासाठीं ठरविणार नाहीं.